पाण्याखालच्या शिवाराची पाहणी

उजनीच्या जलाशयांत जाळें टाकणाऱ्या मच्छीमार बांधवांच्या हातीं अलीकडच्या वर्षांत एक विचित्र मासा लागूं लागला आहे, हें फुगवट्याच्या कांठीं राहणाऱ्या आमच्या वाचकांस ठाऊक असेलच. अंगावर खवल्यांऐवजीं खडबडीत चिलखत, तोंड खालच्या अंगाला आणि पाठीवरचा पर शिडासारखा उभा. कोणी त्यास सकर म्हणतात, कोणी हेलिकॉप्टर म्हणतात. मूळचा तो दक्षिण अमेरिकेंतील नद्यांचा. शहरांतील हौशी लोक शोभेच्या कांचेच्या पेटींत शेवाळ खाईल म्हणून त्यास आणतात, आणि तो वाढून पेटींत मावेनासा झाला कीं नदीनाल्यांत नेऊन सोडतात. बाजारांत त्यास गिऱ्हाईक नाहीं. जाळीं मात्र तो फाडतो. त्याच्या आधीं चिलापी आली. मूळची आफ्रिकेंतील ही जात १९५२ सालीं आपल्या देशांत आणली गेली, आणि आज उजनीच्या बाजारांत तिचाच ढीग मोठा असतो. आफ्रिकी मांगूर पाळण्यास केंद्र सरकारनें २००० सालीं बंदी केली, तरी चोरवाटेनें तो पाळला जातोच.

मासा निदान जाळ्यांत येतो. त्याची तक्रार होते, वर्तमानपत्रांत बातमी येते, कोणी तरी पाहावयास येतो. परंतु पाण्याच्या तळाशीं मुक्यानें पसरणारे जे जीव, त्यांची वर्दी कोण देणार? अशा जीवांपैकीं शिंपल्यांविषयीं, आणि त्यांचा फैलाव एखाद्या तलावांत कोठवर झाला आहे हें पाहण्याची रीत कोणती याविषयीं, प्रस्तुत लेखांत लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे. शिंपल्याचा आणि शेतकऱ्याचा काय संबंध, अशी शंका कोणाच्या मनांत आली असल्यास तिचें निरसन प्रथम केलें पाहिजे.

चीन देशांतील नद्यांत बोटाच्या पेराएवढा, सोनेरी झांक असलेला एक शिंपला राहतो. १९९१ सालीं तो दक्षिण अमेरिकेंत, आर्जेंटिना देशांत प्लाता नदीच्या मुखापाशीं आढळला. रिकामीं जहाजें तोल राखण्यासाठीं पोटांत पाणी भरून घेतात व दुसऱ्या बंदरांत तें ओततात; त्या पाण्यांतून तो तेथें गेला. पुढें दहा वर्षांनीं, २००१ सालीं, तो ब्राझील व पॅराग्वे यांच्या सीमेवरील इताइपू या प्रचंड धरणांत पोंचला. शिंपला कांहीं प्रवाहाच्या उलट चालत जात नाहीं. नावांच्या तळास चिकटून आणि ओल्या सामानांतून माणसानेंच त्यास वर नेला. २०२४ सालीं तो कॅलिफोर्नियांत निघाला. याच गुणाचा, पण दुसऱ्या कुळांतला, पट्टेदार असा झेब्रा शिंपला १९८८ सालीं उत्तर अमेरिकेच्या मोठ्या सरोवरांत सांपडला होता. आणि पुढल्याच वर्षीं डिसेंबरांत मिशिगन संस्थानांतील मन्रो या शहराच्या पाणीपुरवठ्याचें तोंड शिंपल्यांनीं व त्यांत बर्फाची भर पडून असें बुजलें कीं शहराचें पाणीच बंद पडलें.

असें होण्याचें कारण या जातींच्या वाढण्याच्या रीतींत आहे. यांचें पिलूं डोळ्यांस दिसत नाहीं. कांहीं दिवस तें पाण्यांत तरंगतें, कोणत्याहि जाळींतून सहज पार होतें, आणि दगड, लांकूड, लोखंड, प्लॅस्टिक, जी कठीण वस्तु मिळेल तिला रेशमासारख्या तंतूंनीं घट्ट धरून बसतें. त्याच्यावर दुसरें, दुसऱ्यावर तिसरें. एका चौरस मीटर जागेंत लाखाच्या वर शिंपले मोजलेले आहेत. नळांतून वाहतें पाणी म्हणजे तर त्यांना बसल्या जागीं वाढलेलें ताट.

आतां उजनीच्या तीराकडे पाहा. करमाळा, माढा, इंदापूर, दौंड, कर्जत या तालुक्यांच्या कांठीं उपशाच्या मोटारी ओळीनें बसल्या आहेत, आणि त्यांच्यावर ऊंस, केळी व डाळिंबाच्या बागा उभ्या आहेत. प्रत्येक मोटारीचा नळ पाण्यांत, व त्याच्या टोंकास फुटव्हॉल, ज्यास आपण फुटबॉल म्हणतों. सोलापूर शहरास उजनीचें पाणी शंभराहून अधिक किलोमीटर नळांतून येतें. फताटेवाडीच्या औष्णिक वीजकेंद्राचेंहि तसेंच. कालव्यांनीं व भीमा-सीना जोडबोगद्यानें हें पाणी दुसऱ्या खोऱ्यांत उतरतें, आणि १८७१ सालीं पुरा झालेला आपला जुना एकरुखचा तलावसुद्धां आतां उजनीच्या पाण्याशीं जोडला गेला आहे. एका ठिकाणीं शिरलेला जीव कोठें कोठें जाईल याचा हिशेब वाचकांनींच करावा. ठिबकच्या गाळणीविषयीं तर आम्ही कांहींच बोलत नाहीं. शेवाळानेंच ती दर आठवड्यास बुजते.

सोनेरी शिंपला उजनींत आला आहे, असें आमचें म्हणणें नाहीं. झेब्रा शिंपला थंड मुलखांतला, त्याला आपला उन्हाळा मानवणार नाहीं. सोनेरी शिंपला मात्र उष्ण नद्यांतहि सुखानें राहतो, म्हणून डोळा ठेवावयाचा तो याच्यावर. आपल्या देशांतहि असा प्रकार घडून गेलेला आहे. केरळांतील अष्टमुडी सरोवरांत दक्षिण अमेरिकेंतलाच एक शिंपला गेल्या दशकाच्या अखेरीस पसरला, आणि तेथील हिरव्या शिंपल्यांची व तिसऱ्यांची जागा त्यानें बळकावली. तो मचूळ पाण्याचा असल्यामुळें उजनीस त्याचें भय नाहीं. आणि ही देवघेव एकतर्फी आहे असेंहि नव्हे. आपल्या नद्यांच्या वाळूंत नखाएवढे रेघारेघांचे शिंपले सांपडतात, त्यांच्याच कुळांतील एक आशियाई जात १९३८ सालीं अमेरिकेंत कोलंबिया नदींत आढळली, व तेथील कालव्यांत आणि वीजकेंद्रांच्या नळांत तिनें मोठा धुमाकूळ घातला. येथें ती गरीब गाय, तेथें ती मोकाट सांड.

यास्तव पाहणीस निघणाऱ्यास आपले देशी शिंपले आधीं ओळखतां आले पाहिजेत. सर्वांत मोठा तो तळहाताएवढा, बाहेरून काळपट तपकिरी, आंतून मोत्याच्या झांकेचा, चिखलांत अर्धा पुरून राहणारा. याचेंच कवच दगडावर घासून, भोंक पाडून, आपल्या घरच्या बायका त्यानें कैऱ्या सोलीत असत. शास्त्रज्ञ त्यास लॅमेलिडेन्स म्हणतात. दुसरा त्याहून लहान, जाड कवचाचा व पाठीवर सुरकुत्या असलेला, तो पॅरेसिया. तिसरा वर सांगितलेला नखाएवढा, वाळूंतला, त्याचें नांव कॉर्बिक्युला. या तिघांपैकीं पुरता वाढलेला एकहि दगडास किंवा नळास तंतूंनीं चिकटून बसत नाहीं, ही मोठी खूण लक्षांत ठेवावी. झुबक्यानें चिकटलेले शिंपले दिसले कीं संशय धरावा. मात्र निकाल आपण देऊं नये. कृष्णेच्या खालच्या अंगास, नागार्जुनसागराकडे, तंतूंनीं चिकटणारी एक लहान देशी जातहि आहे, आणि आपली भीमा कृष्णेलाच मिळते. ज्यांस या विषयांत अधिक गोडी असेल त्यांनीं सुब्बा राव यांचा भारतांतील गोड्या पाण्यांतील मृदुकाय प्राण्यांवरचा ग्रंथ पाहावा. भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्थेनें तो १९८९ सालीं प्रसिद्ध केला आहे. ग्रंथ इंग्रजींत आहे, परंतु चित्रें पाहूनहि बरेंच काम भागतें.

देशी शिंपल्याची मोजदाद हीहि कांहीं कमी महत्त्वाची बाब नव्हे. तो दिवसभर पाणी आंत ओढून, गाळून, बाहेर सोडीत असतो. पुणें-चिंचवडचें सांडपाणी ज्या जलाशयांत उतरतें तेथें असा फुकट राबणारा भंगी गमावणें परवडणारें नाहीं. वाळूउपशानें त्याची वस्ती उखडली जाते. शिवाय त्याच्या मोठ्या जातींचें पिलूं कांहीं दिवस माशाच्या कल्ल्यांस चिकटून परान्नावर वाढतें. योग्य जातीचा मासाच मिळाला नाहीं तर तें मरतें. म्हणजे देशी मासा हटून चिलापी माजली कीं तिचा फटका शिंपल्यासहि बसण्याचा संभव असतो. परका शिंपला या अडचणींतून मोकळा. त्याच्या पिलास कोणाच्या कल्ल्याची गरजच नाहीं.

एवढें झाल्यावर पाहणीकडे वळूं. आमचा उभा जन्म महसूल खात्याच्या कारकुनींत गेला, त्यामुळें पाहणी म्हटली कीं आमच्या डोळ्यांपुढें प्रथम इंदापूर उभें राहतें. ज्या इंदापूर तालुक्याचीं कितीएक शिवारें आज उजनीच्या पाण्याखालीं आहेत, त्याच तालुक्यांत मुंबई इलाख्याच्या जमीनमोजणीचा पहिला धडा गिरवला गेला, आणि तो आधीं चुकला होता. १८२८ पासून प्रिंगल नांवाच्या मुलकी अधिकाऱ्यानें तेथें पाहणी केली. प्रत्येक प्रतीच्या जमिनीचें पीक किती, त्यांतून लागवडीचा खर्च वजा जातां उरतें किती, आणि त्या उरलेल्याचे शेंकडा ५५ सरकारचे, असा त्याचा हिशेब. कागदावर तो मोठा रेखीव होता. परंतु शेतांतले आंकडे ज्यांनीं गोळा करावयाचे त्या हाताखालच्या मंडळींनीं ते नीट गोळा केले नाहींत; कोठें लांच खाऊन प्रत बदलली, कोठें शेत न पाहतांच रकाना भरला. १८३० सालीं या आंकड्यांवर बसविलेला सारा इंदापुरांत लागू झाला, आणि कुळें जमिनी टाकून चालतीं झालीं.

मग १८३५ सालीं गोल्डस्मिड, व लवकरच त्याच्या जोडीला लेफ्टनंट विंगेट, असे पुन्हां तेंच शिवार मोजावयास बसले. त्यांनीं रीत बदलली. शेताचा नकाशा काढावयाचा, त्यांत सारखे भाग पाडावयाचे, प्रत्येक भागांत प्रत्यक्ष खणून माती किती हात खोल व कोणत्या रंगाची हें पाहावयाचें. चुनखडी, वाळू, उतार, पाण्याचा फुटवा असे जे दोष असतील त्यांच्या खुणा त्याच चौकोनांत मांडावयाच्या. आणि मग सर्वांची सरासरी काढून शेताचे आणे ठरवावयाचे. वरिष्ठानें जाऊन त्यांतलीं कांहीं शेतें पुन्हां तपासावयाचीं, हाहि नियम होता. १८४७ सालच्या संयुक्त अहवालांत ही पद्धत कायम झाली, आणि आपल्या आजच्या आकारणीचें मूळ तिच्यांत आहे. (त्याच १८४७ सालीं बेन्सन नांवाच्या एका शंखप्रेमी साहेबानें मॉरिशसहून आणलेल्या आफ्रिकी गोगलगायी कलकत्त्याच्या एका बागेंत सुटल्या. २०२२ च्या पावसाळ्यांत लातूर, बीड व उस्मानाबाद जिल्ह्यांत सोयाबीनचीं रोपें ज्यांनीं खाऊन टाकलीं त्या शंखी गोगलगायी याच जातीच्या. तेव्हां त्यांचा फैलाव कोणी वहींत टिपून ठेवला असता तर!)

तलावाच्या तळाची पाहणी विंगेटच्या रीतीनेंच करावयाची आहे. भाग पाडावयाचे, भागांत जाऊन खणावयाचें, दिसेल तें त्याच जागीं लिहावयाचें. फरक एवढाच कीं शेत पाण्याखालीं आहे. पण उजनीच्या बाबतींत ही अडचण वाटते तितकी मोठी नाहीं. धरण पूर्ण भरलें म्हणजे पाण्याची पातळी ४९६.८३ मीटर, आणि ज्याच्या खालचें पाणी मृतसाठा म्हणतात ती पातळी ४९१.०३ मीटर. म्हणजे सहा मीटरांहूनहि कमी उंचींत सारा उपयुक्त साठा, सुमारें ५३ टी. एम. सी., आणि त्याच्या खालीं त्याहूनहि अधिक, सुमारें ६३ टी. एम. सी. मृतसाठा. उतार सपाट असल्यामुळें पातळी थोडी खालीं गेली तरी पाणी दूरवर मागें सरतें. २०२४ च्या उन्हाळ्यांत साठा उणे पन्नास टक्क्यांच्याहि पलीकडे गेला होता, आणि पळसदेवचें जुनें पळसनाथाचें देऊळ लोक जमिनीवरून चालत जाऊन पाहत होते. जी जमीन अशी उघडी पडते तिला आपल्या दप्तरांत गाळपेर म्हणतात. पाहणाऱ्यानें वैशाख-ज्येष्ठांत या गाळपेरीवर उतरावें. पावसाळ्यांत जेथें पाणबुड्या लागला असता तेथें त्या वेळीं जुनें धोतर खोंचून काम होतें.

तळाचे तीन पट्टे मानावे. पूर्ण पातळीपासून मृतसाठ्याच्या पातळीपर्यंतचा पहिला. हा बहुतेक दर वर्षीं उघडा पडतो, म्हणून येथें जिवंत शिंपला क्वचित् मिळेल, परंतु मेलेल्यांचीं ताजीं कवचें त्या हंगामांत पाण्यांत कोण होतें हें सांगतात. त्या खालचा, उन्हाळ्यांतहि कमरेइतक्या पाण्यांत राहणारा दुसरा. येथें पायांनीं व हातांनीं चांचपून पाहावें लागतें. आणि जुन्या पात्राजवळचा खोल तिसरा. हा मच्छीमारांच्या नावेवरून, तळ खरवडून वर आणणारें भांडें सोडून पाहावयाचा, आणि आम्ही स्पष्टच सांगतों कीं तें आपलें काम नव्हे. तें महाविद्यालयांतील प्राध्यापकांकडे सोपवावें.

आतां चौकट कोठें टाकावयाची? सर्व पाहणीची मेख येथें आहे. एक मीटर लांबरुंद अशी लांकडी पट्ट्यांची चौकट घ्यावी हें सोपें. परंतु ती जेथें शिंपले दिसतात तेथें टाकली तर उत्तर एक येतें, आणि चिठ्ठीनें ठरलेल्या जागीं टाकली तर दुसरें. पीककापणीचे प्रयोग ज्यांच्या शेतांत झाले आहेत त्यांस हें नवें नाहीं. त्या प्रयोगाचें शेत आणि शेतांतला दहा मीटर लांब पांच मीटर रुंद तुकडा हीं दोन्ही नशिबानें, म्हणजे यदृच्छ अंकांनीं, ठरतात. मालकाच्या किंवा तलाठ्याच्या पसंतीनें नव्हे. सातारा जिल्ह्यांतील बुध गांवीं १९११ सालीं जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनीं १९४० नंतरच्या दशकांत ही रीत आपल्या देशांत रूढ करण्यास मोठा हातभार लावला. त्यांनीं आणखी एक गोष्ट दाखवून दिली. तुकडा फार लहान घेतला तर उत्पन्न हटकून जास्त येतें, कारण कडेवरचें ताट आंत धरावें कीं बाहेर, असा प्रश्न आला कीं कापणाऱ्याचा हात तें आंत ओढतो. लबाडी नसतांहि ओढतो. शिंपल्यांनाहि हेंच लागू आहे. वीतभर चौकटीपेक्षां मीटरभर चौकट बरी, आणि कडेवरच्याचा नियम आधीं ठरलेला असावा: डावी व वरची कड आंत, उजवी व खालची बाहेर.

जागा निवडण्यासाठीं आम्ही एक उपाय सुचवितों. बुडालेल्या गांवांचे जुने गांवनकाशे दप्तरांत आहेत, आणि त्यांवर सर्व्हे नंबर आहेत. एका गांवाच्या बुडीत नंबरांच्या चिठ्ठ्या कराव्या, लहान मुलाकडून दहा उचलाव्या, आणि त्या त्या नंबरांत जाऊन चौकट टाकावी. गेल्या उन्हाळ्यांत करमाळ्याच्या बाजूस, चार-सहा मित्र व कांहीं महाविद्यालयीन मुलें बरोबर घेऊन, आम्हीं हा प्रयोग करून पाहिला. पाण्याकडेला एका जागीं मोठे शिंपले ऊन्हांत चमकत होते. मुलें चौकट घेऊन तिकडेच धांवलीं. त्यांना परत बोलावून चिठ्ठी दाखविली तेव्हां नंबर निघाला तो पार पलीकडच्या भेगाळलेल्या काळ्या चोपणाचा. तेथें चौकटींत एक कवच नव्हतें. दुसऱ्या चिठ्ठीलाहि तसेंच. तिसऱ्या वेळीं एका मुलानें विचारलें, "आजोबा, कांहीं नाहींच तर लिहावयाचें काय?" बरोबरच्या म्हाताऱ्या मच्छीमारानेंहि आमच्याकडे त्याच अर्थानें पाहिलें. आम्हीं वहींत लिहिलें: निरंक.

महसूल खात्यांत हा शब्द फार बदनाम आहे. माहिती मागविली कीं निरंक लिहून पाठवावें म्हणजे काम संपलें, अशी एक समजूत आहे, आणि एका कचेरींत वर्षानुवर्षें गांव न पाहतां निरंक जात असल्याचें आम्हीं स्वतः पाहिलें आहे. परंतु पाहून लिहिलेला निरंक आणि न पाहतां लिहिलेला निरंक यांत जमीनअस्मानाचें अंतर आहे. समजा, पांच वर्षांनीं एखाद्या मोटारीच्या नळांत सोनेरी शिंपला निघाला. तो कालच आला कीं दहा वर्षें तेथें आहे? एकाच खाडींत आहे कीं सर्व फुगवट्यांत? पहिल्या प्रकारांत तो कदाचित् तेथल्या तेथें आवरतां येईल. दुसऱ्यांत पैसा पाण्यांत जाईल. याचा निकाल कोणत्याहि यंत्रानें लागणार नाहीं. अमुक सालीं, अमुक नंबरांत, इतक्या चौकटी पाहिल्या व तो नव्हता, अशी कोणाची तरी वही असेल तरच लागेल.

निरंकालाहि वजन असतें, आणि तें मोजतां येतें. संख्याशास्त्राचा एक सोपा आडाखा आहे. चिठ्ठीनें निवडलेल्या १०० ठिकाणीं नीट पाहून एकहि शिंपला सांपडला नाहीं, तर तलावाच्या पाहिलेल्या पट्ट्यांत शेंकडा तीनांहून अधिक ठिकाणीं तो नसावा, असें वीसांत एकोणीस हिश्शांच्या भरंवशानें म्हणतां येतें. ३०० ठिकाणें पाहिलीं तर शेंकडा एक. आणि दहाच ठिकाणें पाहून घरीं गेलां तर चवथा हिस्सा तलाव शिंपल्यांनीं व्यापलेला असूनहि तुमच्या वहींत निरंकच येण्याचा संभव राहतो. अर्थात् ज्या चौकटींत तो आहे तेथें तो तुमच्या नजरेस पडलाच पाहिजे, हें यांत गृहीत आहे.

येथें वाचक विचारतील कीं, परका शिंपला प्रथम येणार तो नावांच्या धक्क्यावर, पुलाच्या खांबावर, मोटारीच्या नळावर; मग चिठ्ठ्या टाकून चोपण जमिनींत कशाला हिंडावें? प्रश्न बरोबर आहे. राखण आणि मोजणी हीं दोन कामें वेगळीं आहेत, व त्यांच्या वह्याहि वेगळ्या असाव्या. राखणदार चोर येण्याच्या वाटेवरच बसतो. डिकसळचा जुना पूल, पळसदेवच्या देवळाचे दगड, बुडालेल्या विहिरींचीं बांधकामें, मासे उतरविण्याच्या जागा, पर्यटकांच्या नावा, हीं राखणीचीं ठिकाणें. तेथें मुद्दाम जाऊन पाहावें. परंतु तेथल्या आंकड्यांवरून साऱ्या तलावाची सरासरी काढूं लागलांत तर खळ्यांतल्या राशीवर बसून शिवाराची पैसेवारी ठरविल्यासारखें होईल.

राखणीचें सर्वांत स्वस्त साधन शेतकऱ्याच्या घरींच आहे. एक वीट, एक फुटकें मंगलोरी कौल आणि हातभर पी. व्ही. सी. नळाचा तुकडा दोरीला बांधावा, व मोटारीच्या नळाजवळ, सावलींत, पुरुषभर पाण्यांत, तळाला न टेकेल असा सोडावा. दर अमावास्येस वर ओढून पाहावा. बारीक शिंपला डोळ्यांस लवकर दिसत नाहीं, म्हणून आधीं बोट फिरवावें. शेवाळ बुळबुळीत लागतें. नुकता बसलेला शिंपला कांचकागदासारखा खरखरीत लागतो. पाणी खालीं जाईल तशी दोरी सरकवावी लागते, एवढाच त्रास. ज्यांचा उपसा वर्षभर चालतो त्यांनीं फुटबॉल दुरुस्तीस बाहेर काढला असतां त्याची जाळी झटकून टाकण्यापूर्वीं एकदां निरखून पाहावी.

संशयास्पद कांहीं आढळल्यास तें पुन्हां पाण्यांत टाकूं नये. औषधांच्या दुकानांत मिळणाऱ्या स्पिरिटांत तें बुडवून बाटली बंद करावी, वर तारीख, गांव व जागा लिहावी, मोबाइलनें एक चित्र घ्यावें, आणि भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्थेच्या पुण्यास आकुर्डी येथील कार्यालयाकडे पाठवावी. एका तलावांतलीं जाळीं व नाव दुसऱ्या तलावांत नेण्यापूर्वीं, सांठलेलें पाणी ओतून टाकून, चार-पांच दिवस ऊन्हांत कडकडीत वाळवावी. सोलापूरचें ऊन या कामीं फुकट मिळणारें औषध आहे. मत्स्यबीज आणणाऱ्या संस्थांनीं बीजाच्या पिशवींतलें पाणी तलावांत ओतूं नये, बीज गाळून घ्यावें, हें सांगणेंहि येथें अवश्य आहे; पिलूं पाण्यांतूनच प्रवास करतें हें वर आलेंच आहे.

राहिला वहीचा नमुना. गांव नमुना बारा ज्यांनीं पाहिला आहे त्यांस तो शिकविण्याची गरज नाहीं. अनुक्रमांक, तारीख, गांव, जुना सर्व्हे नंबर, चिठ्ठीनें निवडलेली जागा कीं राखणीची, त्या दिवशींची धरणाची पातळी, पाण्याची खोली, तळ चिखलाचा, वाळूचा कीं दगडाचा, चौकटी किती, जिवंत शिंपले जातवार किती, रिकामीं कवचें किती, पाहण्यास लागलेला वेळ, पाहणाऱ्याची सही. रिकामें कवच जिवंतांत धरूं नये; जोडलेलीं दोन्ही झांकणें एक मोजावीं, सुटें झांकण अर्धें. शेवटचा रकाना शेऱ्याचा. पाणी गढूळ होतें, तळ दिसला नाहीं, हात पोंचला नाहीं, वारा सुटल्यामुळें नाव ठरत नव्हती, असें कांहीं झालें असेल तर त्या रकान्यांत तेंच लिहावें, आणि त्या ओळींत शिंपल्यांचा रकाना मोकळा ठेवावा. तेथें निरंक लिहूं नये.